कॅनमधली स्टाउट घरी नीट ओतायची कशी? (तीन कॅन उरलेत, रविवारपर्यंत वेळ आहे)

नववी_गल्ली | मंगळवार, रात्री १०:१२

दाजी इंग्लंडात लीड्सला असतात. दोन वर्षांनी परवा कोल्हापुरात राजारामपुरीत घरी आले आणि माझ्यासाठी मुद्दाम गिनीजचे, म्हणजे काळ्या स्टाउट बिअरचे, ४४० मिलीचे चार कॅन घेऊन आले. कस्टममध्ये माणशी दोन लिटरच दारू ड्यूटी न भरता चालते. त्यात हे चार बसतात, पाचवा बसत नाही. म्हणजे या वेळी त्यांनी स्वतःची नेहमीची व्हिस्कीची बाटली सोडली. हे मला ताईकडून नंतर कळलं.

आल्या रात्रीच हौसेनं एक कॅन उघडला. बॅगेतून काढला, अर्धा तास फ्रीजरला ठेवला आणि लगेच फोडला. फेस उसळून हातावर, टेबलावर, खालच्या पेपरवर. मी गडबडलो. जो ग्लास हाताशी होता त्यात थोडं ओत, थांब, परत थोडं ओत असं करत गेलो. वर फेस आला तो मोठ्या मोठ्या बुडबुड्यांचा. बघता बघता फुटून गेला आणि खाली कोऱ्या कॉफीसारखं काळं पाणी राहिलं. दाजी म्हणाले, "असू दे रे, चव तीच आहे." त्यांनी पूर्ण संपवलीही. पण जेवताना तेच सांगत होते की तिकडे शनिवारी कामावरून सुटल्यावर पहिला ग्लास समोर येतो, तो आधी नुसता बघत बसायचा असतो. मला फार लागलं ते.

सोमवारी पहाटे ते परत निघणार. रविवारी दुपारी घरी मटण आहे. तेव्हा त्यांच्यासमोर एक तरी ग्लास जसा हवा तसा ठेवायचाय. माझं नक्की कुठं चुकलं?

पन्हाळ्याचा_वारा | मंगळवार, रात्री १०:३१

दाजी नाद खुळा माणूस हाय भावा. व्हिस्की सोडून टिन आणलं म्हंजे लई झालं.

एक विचारू का? तिकडं बिअर पिंटात देत्यात म्हंत्यात. पिंट म्हंजे आपल्याकडं ३३० ची छोटी बाटली ना? मग ४४० चा टिन पिंटपेक्षा मोठा कसा?

मूळगाव_कागल | मंगळवार, रात्री ११:०५

आपल्याकडच्या दुकानात ३३० मिलीच्या बाटलीला पिंट म्हणायची पद्धत पडली आहे. ब्रिटन-आयर्लंडमधला पिंट ५६८ मिलीचा. त्यामुळे दाजींनी तिकडचा पिंटचा ग्लास आणला असेल तर ४४० च्या कॅननं तो काठोकाठ भरणार नाही. फेस धरूनही वर जागा राहील. ती चूक समजू नका. ५०० मिलीच्या आसपासचा ग्लास मिळाला तर सगळ्यात छान दिसेल.

मी शिकायला डब्लिनला असताना दीड वर्ष एका पबमध्ये काम केलंय, ओतण्याचं उद्या सविस्तर लिहितो. तोवर एकच करा. उरलेले तिन्ही कॅन आत्ताच फ्रीजमध्ये उभे ठेवा. दारात नको, आत मागच्या बाजूला. आणि रविवारपर्यंत हलवू नका.

रसायनवाली | बुधवार, सकाळी ७:४८

रिकामा झालेला कॅन टाकला नसेल तर हलवून बघा. आत काहीतरी खुळखुळेल. तो प्लास्टिकचा पोकळ चेंडू आहे, त्याला विजेट म्हणतात. सगळा खेळ त्याचा आहे, म्हणून आधी तो समजून घ्या.

साध्या बिअरमध्ये कार्बन डायऑक्साइड असतो. तो पाण्यात चांगला विरघळतो, म्हणून झाकण उघडलं की आपोआप बुडबुडे येत राहतात. या स्टाउटमध्ये त्याच्या जोडीला नायट्रोजन असतो, आणि तो बिअरमध्ये फारच कमी विरघळतो. दाबाखाली जेमतेम थोडासा राहतो, आणि बाहेर यायला त्याला धक्का लागतो. पबमध्ये तो धक्का नळ देतो. नळाच्या तोंडाशी बारीक भोकांची चकती असते, त्यातून बिअर दाबानं रेटली की नायट्रोजन सुटतो. नायट्रोजन वापरायची ही रीत गिनीजमध्ये मायकेल ॲश नावाच्या माणसानं बसवली, १९५९ मध्ये. तो शिक्षणानं गणिती होता.

कॅनमध्ये नळ नाही. मग भरताना त्यात द्रव नायट्रोजनचा थेंब टाकून लगेच सील करतात. थेंबाचा वायू होतो, दाब वाढतो, आणि चेंडूच्या बारीकशा भोकातून थोडी बिअर आणि वायू आत ढकलले जातात. तुम्ही झाकण उघडलं की बाहेरचा दाब एकदम उतरतो, चेंडूच्या आतला तसाच असतो. मग त्या भोकातून जोरात चिळकांडी सुटते आणि सगळ्या बिअरमधला नायट्रोजन खवळतो. कल्पनेचं पेटंट १९६९ चं, पण बाजारात कॅन यायला १९८८ उजाडलं. पहिली विजेटं तळाशी घट्ट बसवलेली होती. थंड कॅनला ती ठीक चालायची, पण कोमट कॅन उघडला की बिअर उतू जायची. १९९७ पासून तरंगता चेंडू आला तेव्हा तो त्रास कमी झाला. तरी बॅगेत हिंदकळून आलेला, आतून कोमट असलेला कॅन, त्यात एप्रिलची कोल्हापूरची हवा. तुमच्या टेबलावर जे झालं ते म्हणूनच.

आता तुमच्या फेसाचं. नायट्रोजनचे बुडबुडे फार बारीक असतात, मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास. आणि तो वायू द्रवात शिरत नाही म्हणून लहान बुडबुड्यातून मोठ्या बुडबुड्यात सहज जातही नाही. त्यामुळे हा फेस सायीसारखा टिकायला हवा. तुमचा बघता बघता फुटला, याचा अर्थ ग्लासात काहीतरी होतं. मला तेलाचा संशय आहे.

गंगावेश_कट्टा | बुधवार, सकाळी ९:२०

ताई, तुमचं वाचलं आणि मला आमचा दूध कट्टा आठवला.

मी दारू घेत नाही, वय सत्तरीच्या पुढं. पण फेसाचं मला कळतं. आमच्या गंगावेशीत म्हशी आणून उभ्या करतात आणि समोर धार काढून ग्लास हातात देतात. तालमीतली पोरं पिढ्यान् पिढ्या तिथं दूध पितात. तो ग्लास कधी नीट बघितलाय का? वर दोन बोटं फेस, इतका बारीक की दूध कुठं सुरू होतं ते दिसत नाही. तेच दूध घरी आणून पातेल्यातून हळूच ओता, फेस येत नाही. फेस धारेच्या जोरात असतो. सडातून सुटलेली बारीक धार दुधावर आदळते आणि हवा आत घेऊन जाते.

तुमच्या त्या चेंडूचं भोक म्हणजे सडाचं तोंडच झालं की. धार आतच निघते. म्हणजे ओतणाऱ्यानं फेस करायचा नाही, झालेला फेस मोडू द्यायचा नाही. बरोबर समजलो का मी?

रसायनवाली | बुधवार, सकाळी ९:४१

काका, अगदी बरोबर. फरक एवढाच की दुधात हवा बाहेरून शिरते, इथे वायू आतूनच सुटतो. आणि दोन्हीकडे फेसाला धरून ठेवतात ती प्रथिनं. दुधात दुधाची, बिअरमध्ये सातूची, शिवाय हॉप्सचे, म्हणजे बिअरमध्ये घालतात त्या कडू फुलांचे, घटक.

नववी_गल्ली | बुधवार, दुपारी १:१५

कॅन हलवून बघितला, खुळखुळतोय. मुलीनं तो पत्र्याच्या कात्रीनं उघडून मागितलाय, पण अजून कापला नाही.

ग्लासाचं रसायनवाली ताई बरोबर बोलल्या असाव्यात. त्या रात्री आधी तांबडा रस्सा झाला होता. घासणी सगळ्या भांड्यांना एकच. आणि तो ग्लास मुलीच्या दुधाचा.

सुगरण_शाहूपुरी | बुधवार, दुपारी २:०२

मग तिथंच उत्तर मिळालं तुम्हाला. मला बिअरमधलं काही कळत नाही, पण कोल्हापूरच्या मोरीतला कट मला कळतो. ज्या घासणीनं रश्श्याचं पातेलं घासलं, तिच्यात तो आठवडाभर राहतो. ग्लास चकचकीत दिसतो, पण पाणी घातलं की पाणी एकसारखं सरकत नाही, मोत्यांसारखे थेंब धरून राहतात. थेंब राहिले म्हणजे तेल राहिलं.

असं करा. नवी घासणी काढा, ती फक्त या दोन ग्लासांसाठी. वडीच्या साबणानं काचेवर थर राहतो, तो नको. धुण्याचा सोडा चमचाभर कडकडीत गरम पाण्यात विरघळवून ग्लास त्यात दहा मिनिटं बुडवून ठेवा, मग घासा, मग भरपूर साध्या पाण्यानं खळबळून काढा. बोअरचं पाणी असेल तर शेवटचं पाणी प्यायच्या फिल्टरचं घ्या, नाहीतर काचेवर पांढरे डाग राहतात. आणि फडक्यानं पुसू नका. स्वयंपाकघरातल्या फडक्याला तेल असतंच. जाळीवर उपडा ठेवून वाळू द्या.

मूळगाव_कागल | बुधवार, दुपारी २:३०

सुगरणताई, आम्हाला पबमध्ये पहिल्या आठवड्यात जे शिकवलं तेच तुम्ही लिहिलंय. त्यात एक भर घालतो. ग्लास धुतला की आतून ओला असतानाच थोडं मीठ भुरभुरवा. स्वच्छ काचेवर मीठ सगळीकडं सारखं चिकटतं. जिथं तेलकट आहे तिथं चिकटतच नाही, मोकळा पट्टा दिसतो. बघून झालं की परत धुऊन टाका.

नववी_गल्ली | बुधवार, रात्री ८:५०

आत्ता करून बघितलं. दोन ग्लास काढले, आइस्क्रीम कॉकटेलसाठी आणलेले उंच, जाड काचेचे. पहिल्या धुण्यानंतर एका ग्लासात बरोबर ओठ लावायच्या जागेखाली तीन बोटांचा पट्टा मोकळा राहिला, मीठ टिकलंच नाही. चांगला दिसणारा ग्लास, आणि हा हाल! सोड्याच्या पाण्यात परत ठेवला. दुसऱ्यांदा मीठ सगळीकडं सारखं.

मूळगाव_कागल | बुधवार, रात्री ११:४०

आता ओतण्याचं. नेटवर सगळे दोन टप्प्यांत ओतायला सांगतात. पाऊण ग्लास भरायचा, बसू द्यायचा, मग वरचा भाग भरायचा. कंपनीनं त्याला ११९.५ सेकंद असा आकडाही दिलाय. पण ती रीत नळाची आहे. नळ बंद केला की पिंपातली बिअर दाबाखाली तशीच राहते. कॅन एकदा उघडला की आतली धार सुटून गेली, आता थांबलात तर कॅनमध्येच फेस वर येऊन बसतो आणि खाली निवलेली बिअर राहते. मग दुसऱ्या वेळी ओतताना पातळ धार येते आणि वर मोठे बुडबुडे. तुमचं "थोडं ओत, थांब" झालं ते हेच. कॅन एकाच धारेत, एका दमात संपवायचा.

कॅन फ्रीजमध्ये निदान रात्रभर. ग्लास मात्र फ्रीजरमध्ये ठेवू नका. गोठलेल्या काचेवर दव धरतं, त्याचा बर्फ होतो, आणि त्यावर फेस भडकतो. ग्लास साध्या खोलीतला, कोरडा. आपल्या उन्हाळ्यात काच तापलेली असते म्हणून थंड पाण्यातून काढून निथळू दिला तरी हरकत नाही.

ग्लास डाव्या हातात, ४५ अंशांत कलता. उजव्या हातानं कॅन टेबलावर उभाच ठेवून झाकण एका झटक्यात पूर्ण उघडा. अर्धवट उघडून फुसफुस ऐकत बसू नका. फस्स असा आवाज येईल, तो होताच कॅन उचला आणि धार ग्लासाच्या कलत्या बाजूवर सोडा. धार भरघोस हवी. कॅनचं तोंड ग्लासाच्या काठाच्या जवळ, पण बिअरमध्ये बुडवायचं नाही. ग्लास भरत येईल तसा हळूहळू सरळ करत जायचा, आणि शेवटची दोन बोटं सरळ ग्लासाच्या मध्यभागी. शेवटचा फेसही येऊ द्या, पण कॅन झटकू नका.

मग ग्लास टेबलावर ठेवा आणि हात काढून घ्या. दोन मिनिटं. पूर्ण काळं होऊन वर पांढऱ्याची रेघ स्वच्छ सुटली की मगच ओठाला लावा. पिताना जिभेच्या टोकावर घेऊ नका, फेसाखालून मोठा घोट घ्या, फेस वरच्या ओठाला लागला पाहिजे.

पन्हाळ्याचा_वारा | गुरुवार, सकाळी ८:१०

इन्स्टावर एक जण ग्लास टिनवर उपडा घालून दोन्ही एकदम उलटं करतो आन् मग टिन वर वर काढतो. ते भारी दिसतंय. चालंल का?

मूळगाव_कागल | गुरुवार, सकाळी ८:२५

दिसायला भारी, पण कॅनची बाहेरची बाजू बिअरमध्ये बुडते. गोदामातून, बॅगेतून आलेला पत्रा तो. मी कधीच करणार नाही.

बाटलीवाला_नव्हे | गुरुवार, सकाळी १०:०२

एक महत्त्वाचं सुटतंय. सगळ्या काळ्या कॅन-बाटल्यांना ही रीत लागू नाही. फॉरेन एक्स्ट्रा स्टाउट ही त्याच नावाची, पण विजेट नसलेली, साध्या कार्बन डायऑक्साइडची आणि चांगली कडक बिअर आहे. ती दाणकन ओतली तर सगळा ग्लास फेसाचाच होईल, ती हळूच ओतायची. आणि नायट्रोसर्ज लिहिलेला कॅन असेल तर त्यातही विजेट नसतं. त्याला वर बसवायचं वेगळं यंत्र लागतं, ते नसेल तर सपाट काळं पाणी. कॅनवर काय लिहिलंय ते आधी वाचा.

नववी_गल्ली | गुरुवार, सकाळी १०:३०

ड्राफ्ट लिहिलंय, ४.१ टक्के. म्हणजे विजेटवालीच. धन्यवाद.

आता प्रश्न असा की एक कॅन सरावाला वापरू का? तीनच आहेत, जीव होत नाही.

सुगरण_शाहूपुरी | गुरुवार, सकाळी १०:४४

सराव पाण्यावर करा की! रिकामा कॅन आहेच तुमच्याकडं, मुलीला अजून कापून देऊ नका. त्यात तेवढंच पाणी भरा आणि त्याच ग्लासात ओतून बघा. फेस येणार नाही, पण हाताला वजन आणि वेग कळेल. पुरणाची पहिली पोळी आपण पाहुण्याच्या ताटात वाढत नाही.

नियमाचं_बोला | गुरुवार, दुपारी १२:१८

सगळ्यांसाठी एक आठवण. महाराष्ट्रात बिअरसाठी वय २१ पूर्ण लागतं आणि प्यायचा परवानाही लागतो. आणि गोव्याहून आंबोलीमार्गे स्वस्तात आणायचा विचार कुणी करत असेल तर परवानगीशिवाय करू नका, नाक्यावर गाड्या तपासतात.

नववी_गल्ली | शुक्रवार, रात्री ९:३७

पाण्यावर अकरा वेळा करून बघितलं. पहिल्या पाच वेळा ग्लास सरळ करायला उशीर होत होता आणि पाणी काठावरून सांडत होतं. सहाव्यापासून जमलं. डाव्या मनगटाचं काम आहे हे, उजव्याचं नाही.

पन्हाळ्याचा_वारा | शनिवार, दुपारी ४:०५

व्हिडिओ बघितलं. बुडबुडं खाली जात्यात! काचेला लागून सरळ खाली. हवा खाली कशी जाईल? डोळ्याचा भास हाय का?

रसायनवाली | शनिवार, सायंकाळी ५:२०

भास नाही, खरंच खाली जातात. ग्लास वर रुंद आणि खाली निमुळता असतो. बुडबुडे सरळ वर चढतात, पण भिंत बाहेरच्या बाजूला कललेली, म्हणून भिंतीलगत बुडबुडे कमी असलेला पातळ थर तयार होतो. तो जड, म्हणून खाली घसरतो. मध्ये बुडबुडे दाट, तिथली बिअर हलकी, ती वर चढते. असं गोल फिरणं सुरू होतं. बारीक बुडबुड्यांना एवढा जोर नसतो की ते त्या प्रवाहाविरुद्ध वर जातील, ते सोबत खाली ओढले जातात. आपल्याला बाहेरून भिंतीलगतचेच दिसतात. लिमरिक विद्यापीठातल्या गणितज्ञांनी २०१२ मध्ये हे मांडलं. ग्लास उलट्या आकाराचा, म्हणजे वर अरुंद असेल, तर भिंतीलगतचे बुडबुडे वर जातात.

नववी_गल्ली, म्हणून तुमचे कॉकटेलचे ग्लास वर रुंद आहेत ते चांगलं झालं. आणि स्टीलचा ग्लास घेऊ नका. दाजींना जे बघायचंय ते काचेतूनच दिसतं.

गंगावेश_कट्टा | रविवार, सकाळी ८:०० 

आज आहे ना? जेवणाच्या आधी द्या. रस्सा ओठाला लागला की फेस गेला. दुधालाही तेच आहे, तेलकट तोंडानं कट्ट्यावर कुणी जात नाही.

नववी_गल्ली | रविवार, रात्री ११:५२

काका, तुमचं सकाळी वाचलं म्हणून वाचलो. आई ताटं घेतच होती. म्हटलं वीस मिनिटं थांब.

दाजींना गॅलरीत बसवलं. कॅन मंगळवारपासून मागच्या कोपऱ्यात उभे होते. ग्लास थंड पाण्यातून काढून निथळलेला. झाकण एका झटक्यात उघडलं, फस्स झालं, एक थेंब बाहेर आला नाही. धार सोडली. पहिल्यांदा सगळा ग्लास मातकट, पंचगंगेच्या पहिल्या पुरासारखा. मी ग्लास त्यांच्यासमोर ठेवला आणि हात काढून घेतला.

मग खालून काळं वर चढायला लागलं. काचेला लागून बारीक बारीक लाटा खाली घसरत होत्या, एकामागून एक, आणि आतून सगळं वर उसळत होतं. आम्ही दोघंही काही बोललो नाही. उजेडाकडं धरला तर काळ्याच्या कडेला गडद लाल झाक दिसत होती, डाळिंबाच्या दाण्यासारखी. वर दीड बोट साय, काठाच्या किंचित वर फुगलेली.

दाजींनी मोठा घोट घेतला. मिशीवर पांढरं लागलं ते पुसलं नाही. म्हणाले, "तुझा ओत." मी दुसरा ओतला, तो पहिल्यापेक्षा अर्धं बोट कमी आला, शेवटी मध्यभागी सोडायला हात कचरला. पण टिकला. प्रत्येक घोटाला ग्लासाच्या आत एक पांढरं कडं राहत गेलं. दाजींच्या ग्लासात सात कडी मोजली मी.

चव मला या वेळी पहिल्यांदा कळली. सोड्याचा झणका नाही, मऊ लागते, मग मागून भाजलेल्या सातूचा कडवटपणा. आईच्या सुक्या मटणाआधी तो कडवटपणा फार चांगला वाटला.

तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. सुगरणताई, ती घासणी वेगळ्या खिळ्याला टांगलीय, आणि घरात सगळ्यांना सांगितलंय.

सुगरण_शाहूपुरी | सोमवार, सकाळी ७:१५

फार बरं वाटलं वाचून. ताई काय म्हणाल्या?

नववी_गल्ली | सोमवार, सकाळी ७:४०

ताई घेत नाही, पण तिनं माझ्या ग्लासातला नुसता फेस चमच्यानं खाऊन बघितला. पुढच्या वेळी बिनदारूचा, ०.० वाला आणणार म्हणाली, त्यातही चेंडू असतो म्हणे.

मूळगाव_कागल | सोमवार, सकाळी ९:०३

हो, असतो. ओतायची रीत हीच. तिसरा कॅन कधी?

नववी_गल्ली | सोमवार, सकाळी ९:१८

तळाशी पुढच्या जानेवारीची तारीख आहे. दाजी-ताई गणपतीला येणार आहेत.